पान सत्तेचाळीसवरचा रंग

लायनेल पर्स्लोच्या घरात खोट्या गोष्टीला थारा नव्हता. म्हणजे मोटारींविषयीच्या खोट्या गोष्टीला. शेजारणीच्या केकची तो तोंडभर स्तुती करायचा आणि घरी आणून पक्ष्यांना घालायचा, त्यात त्याला काही वावगं वाटत नसे. पण पबमध्ये कुणी 'मॉर्गन मोटारीची चासी लाकडाची असते' असं म्हणालं, की हातातला ग्लास खाली ठेवून, मिशी पुसून, तो उठायचाच. "चासी पोलादाची. लाकडाचा असतो तो वरच्या बॉडीचा सांगाडा. ॲशचं लाकूड," एवढं सांगून तो पुन्हा जागेवर येऊन बसायचा. न सांगता बसला असता तर त्याला जेवण गेलं नसतं. त्यामुळे पबमध्ये त्याच्या आजूबाजूच्या दोन-तीन खुर्च्या कायम मोकळ्या असायच्या. लोक आपल्याला ऐसपैस बसू देतात, असं तो समजायचा.

नोकरीभर त्याने पाणीपुरवठा खात्यात जमिनीखालच्या नळांचे नकाशे सांभाळले. जीव मात्र ब्रिंडलीवर. ब्रिंडली म्हणजे सेव्हर्न नदीच्या काठी, एका बंद पडलेल्या गालिच्यांच्या गिरणीत बनणारी दोन माणसांची उघडी मोटार. त्रेपन्न ते एकोणसाठ अशी सहा वर्षं कारखाना चालला, सहाशे अकरा गाड्या बाहेर पडल्या, मग मालकाला कंटाळा आला आणि त्याने कुलूप लावलं. याची सविस्तर कारणं लायनेलच्या पुस्तकात चौदा पानं भरून दिलेली आहेत. ती सगळी वाचली तरी निघतं ते हेच.

सहाशे अकरांपैकी दोनशे अठ्ठ्याऐंशी गाड्या अजून शिल्लक आहेत. कोणती कुठल्या देशात आहे, कोणाच्या गोठ्यात सडते आहे, कोणत्या गाडीचं डावं दार कोणत्या साली बदललं, हे सगळं लायनेलला तोंडपाठ. आपल्या मेव्हणीला मात्र त्याने अकरा वर्षं तिच्या थोरल्या बहिणीच्या नावाने हाक मारली. तीही बिचारी 'ओ' देत राहिली.

ब्रिंडलीवाल्यांच्या क्लबात त्याच्या पुस्तकाला नुसतं 'पुस्तक' म्हणत. सत्त्याऐंशी साली निघालेलं, दोनशे बारा पानांचं. त्याच्या सत्तेचाळीसाव्या पानावर एक वाक्य होतं: 'कारखान्यातून बाहेर पडलेल्या प्रत्येक ब्रिंडलीचं इंजिन मरून रंगाचं असे.' या वाक्याची हकिगत आधी सांगायला हवी, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच घडलं.

चौऱ्याऐंशीच्या मार्चमध्ये कारखान्यातल्या एका जुन्या मुकादमाच्या विधवेने लायनेलला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा दिला. डब्यात पावत्या, एक कवळी आणि एक फोटो होता. फोटो रंगीत, छप्पन सालचा: आठ इंजिनं ओळीने मांडलेली, शेजारी एक कामगार. आठही इंजिनं मरून. लायनेल तीन दिवस भिंग घेऊन त्या फोटोवर ओणवा होता. कारखान्याचा दुसरा रंगीत फोटो तेव्हा उभ्या जगात कुणापाशी नव्हता.

"पण आपल्या गाडीचं तर हिरवं आहे," त्याची बायको मॉरीन म्हणाली. त्यांच्या गाडीचा नंबर दोनशे दोन, आणि तिचं इंजिन तेव्हा शेवाळी हिरवं होतं.

"आधीच्या मालकाने फासलाय तो रंग. शेतकरी होता. ट्रॅक्टर रंगवून उरला असेल."

"या फोटोतला माणूससुद्धा मरून दिसतोय."

"भट्टीजवळ उभा आहे तो."

"आणि खिडकीबाहेरचं गवत?"

"छप्पनचा उन्हाळा कडक होता."

छप्पनचा उन्हाळा कसा होता हे मॉरीनला चांगलं आठवत होतं. ती आठ वर्षांची होती आणि समुद्रकाठची सगळी सुट्टी तिने पत्र्याच्या निवाऱ्याखाली, ओल्या मोज्यांत, रडत काढली होती. पण बटाटे चुलीवर होते. तिने विषय वाढवला नाही.

लायनेल कामाला लागला. तारेच्या ब्रशने घासून घासून त्याने तीन आठवड्यांत दोनशे दोनचा हिरवा रंग मुळापासून काढला. अर्धवट काम त्याच्या रक्तातच नाही. निघालेला भुगा त्याने मुरांब्याच्या रिकाम्या बाटलीत भरला, कारण टाकून देणंही त्याच्या रक्तात नाही, आणि वर चिठ्ठी डकवली: 'चुकीचा रंग. आधीच्या मालकाचा. काढला मार्च १९८४.' अशा बाटल्या त्याच्या गॅरेजात एकशे दहा होत्या.

पुस्तक निघालं आणि जगभरच्या ब्रिंडलीवाल्यांनी ब्रश हातात घेतले. किडरमिन्स्टरचा एक रंगवाला तर 'ब्रिंडली मरून' नावाने डबेच विकू लागला. कुणाच्या बॉनेटखाली हिरवं इंजिन निघालं तर तो माणूस पॅन्टची चेन उघडी राहिल्यासारखा ओशाळायचा आणि पुढच्या मेळाव्याच्या आत गुपचूप रंगवून टाकायचा. वार्षिक मेळाव्यात अस्सलपणाची स्पर्धा असे आणि इंजिनाचा रंग चुकला तर शंभरातले बारा गुण जात. सन दोन हजार उजाडेपर्यंत हिरवं इंजिन औषधालाही उरलं नव्हतं. निदान सगळ्यांची समजूत तरी तशी होती.

गेल्या वर्षीचा मेळावा नेहमीप्रमाणे जुलैतल्या दुसऱ्या रविवारी क्रिकेटच्या मैदानामागच्या कुरणात भरला. त्रेचाळीस गाड्या आल्या होत्या. मालक आपापल्या गाडीशेजारी घडीच्या खुर्च्या टाकून, आपलीच गाडी आयुष्यात पहिल्यांदा बघावी तशी बघत बसले होते. परीक्षक अर्थातच लायनेल. त्याच्या मागे गुणांचा कागद धरून क्लबाचा अध्यक्ष रॉडरिक ब्लाउंट. हा निवृत्त दातांचा डॉक्टर. याच्याकडे तीन ब्रिंडली, तिन्ही मरून.

ओळीच्या शेवटी एक नवा चेहरा होता. जॅनिस ओकी, वय अठ्ठावन्न, टेनबरीकडच्या खेड्यांत टपाल वाटणारी. गाडी नंबर पाचशे अठ्ठ्याऐंशी. तिच्या बापाने, व्हर्नन ओकीने, ती अठ्ठावन्न साली नवी घेतली आणि नोव्हेंबरात डोळे मिटेपर्यंत दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. फक्त रविवारी प्रार्थनेला जाताना काढायचा. क्लबात तो कधी फिरकला नाही, कारण त्याला माणसं आवडत नसत. लायनेलच्या नोंदवहीत त्या गाडीपुढे एकोणचाळीस वर्षं 'मालक पत्राला उत्तर देत नाही' एवढंच होतं.

जॅनिसने बॉनेट उघडलं आणि हात पुढे बांधून ती बाजूला उभी राहिली. तिला चषकबिषक नको होता. चषक म्हणजे तरी लाकडावर ठोकलेला एक पिस्टन. बापाने गाडी नीट ठेवली होती, एवढं एखाद्या जाणत्या माणसाने म्हणावं, म्हणून ती आली होती.

इंजिन हिरवं होतं.

"अरेरे," रॉडरिक म्हणाला.

"बारा," लायनेल म्हणाला. रॉडरिकने लिहिलं.

"काय चुकलं हो, मिस्टर पर्स्लो?" जॅनिसने विचारलं.

"इंजिनाचा रंग. पान सत्तेचाळीस."

"पण बाबांनी तर कधी रंगवलं नाही. पहिल्यापासून असंच आहे."

"सगळे असंच म्हणतात, मिस ओकी."

तिने मान हलवली. माणूस वाद घालत नाही म्हणजे त्याला पटलं असं नव्हे, पण लायनेलला ते कधी कळलं नव्हतं. "बरं," ती म्हणाली, "गुरुवारी ब्रेक बघायला मेकॅनिक घरी येतोय. त्याच्याकडूनच मरून करून घेते. बाबांची गाडी चुकीची आहे असं कुणी म्हणायला नको."

"उत्तम," लायनेल म्हणाला आणि नंबर टिपून घ्यायला खाली वाकला.

ब्रिंडलीच्या इंजिनावर पितळेची नंबरपट्टी असते. ती चार तांब्याच्या रिव्हेटांनी ठोकलेली. कारखान्याच्या मालकाने हे रिव्हेट वॉल्सॉलच्या एका खोगीर बनवणाऱ्याकडून पोतंभर आणले होते, त्यांच्या डोक्यावर बारीक चांदणी असते आणि ते कारखान्याबाहेर कुणालाच मिळाले नाहीत. पट्टी अस्सल की नकली ते या चांदणीवरून ओळखावं, हे लायनेलने स्वतःच शोधून पान एकतीसवर लिहिलं होतं. पाचशे अठ्ठ्याऐंशीचे चारही रिव्हेट चांदणीचे होते, कधी उचकटलेले नव्हते. आणि चारही चांदण्यांवर हिरवा रंग होता. रंगाची एक सलग साय पट्टीवरून इंजिनावर उतरली होती, कडेला कुठेही तडा नव्हता.

लायनेलने खिशातून भिंग काढलं. एका कोपऱ्यात मसुराएवढा टवका उडाला होता. टवक्याखाली उघडं लोखंड. मरूनचा मागमूस नाही.

नंतर कुणी हिरवा फासला असता, तर खाली, निदान चांदण्यांच्या खाचांत तरी, मरून उरला असता. म्हणजे पट्टी ठोकून झाल्यावर त्यावर रंग दिला होता, आणि तो कारखान्यातच दिला होता. पान एकतीस खरं असेल तर पान सत्तेचाळीस खोटं होतं. दोन्ही त्यानेच लिहिली होती आणि पान एकतीस खरं होतं. मग त्याला तो फोटो आठवला. त्यातला मरून माणूस. मरून गवत. रंगीत फोटोतला हिरवा-निळा आधी उडतो आणि लाल मागे राहतो, हे त्याच्या आईच्या बैठकीत टांगलेल्या त्याच्याच लग्नाच्या फोटोत त्याने शंभरदा पाहिलं होतं. मांडवातली सगळी माणसं लालबुंद. तेव्हा तो हसलाही होता.

तो इतका वेळ वाकून राहिला, की रॉडरिकने विचारलं, "पाठ धरली का रे?"

"हो," लायनेल म्हणाला. मोटारीच्या बॉनेटखाली डोकं असताना तो आयुष्यात पहिल्यांदाच खोटं बोलला.

उरलेल्या गाड्या त्याने तपासल्या. प्रत्येकीचं इंजिन मरून, प्रत्येकीला रंगाचे पूर्ण गुण. काम संपल्यावर तो मॉरीनशेजारी खुर्चीत येऊन बसला. तिने अंड्याचं सँडविच पुढे केलं. त्याने ते हातात धरून ठेवलं.

"अंडं वास मारतंय का?"

"नाही."

"मग?"

त्याला सरळ दिसत होतं, की गप्प बसलं तर काही होणार नव्हतं. रिव्हेटावरचा रंग बघत बसणारा त्याच्याखेरीज जगात दुसरा माणूस नव्हता. गुरुवारी मेकॅनिक ब्रश फिरवेल, शेवटचं हिरवं इंजिन मरून होईल, आणि मग पान सत्तेचाळीस कायमचं खरं होऊन बसेल. बक्षीस समारंभाची घंटा वाजली तसा तो सँडविच मॉरीनच्या मांडीवर ठेवून उठला आणि मंच म्हणून उभ्या केलेल्या ट्रेलरवर चढला.

"इंजिनाचा रंग हिरवा असे," तो म्हणाला. "मरून नव्हे. पान सत्तेचाळीस चूक आहे. तुमची सगळ्यांची इंजिनं माझ्यामुळे बिघडली. मला माफ करा."

लांब कुणाचा तरी कुत्रा भुंकला.

"लायनेल, टोपी घातली नव्हतीस का रे उन्हात?" रॉडरिकने काळजीने विचारलं.

"डोकं ठिकाणावर आहे माझं. रिव्हेट बघा ना जाऊन!"

"पण पुस्तकात स्पष्ट लिहिलंय," मागून एकजण ओरडला.

"अरे, पुस्तक मी लिहिलंय!"

"म्हणून तर! पुस्तक लिहिलंत तेव्हा तुम्ही जेमतेम चाळिशीचे होता. मेंदू ताजा होता."

लोकांनी माना डोलावल्या. रॉडरिकने नियमांची वही काढून नववा नियम मोठ्याने वाचला: वाद झाल्यास पुस्तक अंतिम, कोणाही व्यक्तीचं तोंडी मत ग्राह्य नाही. हा नियम एक्याण्णव साली, चाकाच्या झाकणांवरून हुज्जत घालणाऱ्या, हल गावच्या एका माणसाचं तोंड बंद करायला लायनेलनेच घातला होता. तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आताही काहींनी वाजवल्या.

जॅनिस यातलं काही ऐकायला नव्हतीच. बारा गुण गेल्यावर ती बॉनेट लावून निघून गेली होती.

सोमवारी लायनेलने तिला फोन केला. "तुमचे अध्यक्ष मघाशीच बोलले माझ्याशी," ती म्हणाली. "तुमची तब्येत बरी नाही म्हणाले. विश्रांती घ्या हो, मिस्टर पर्स्लो. मी गुरुवारी रंगवतेच आहे." मंगळवारी त्याने पुन्हा केला, तर ती टपाल वाटायला गेलेली. बुधवारी सकाळी न्याहारीला तो टोस्टकडे बघत बसून राहिला.

"दाखवायला काही पाहिजे," तो म्हणाला. "नुसतं माझं तोंड आता चालत नाही."

"मग बाटली घेऊन जा की," मॉरीन म्हणाली.

"कुठली?"

"चुकीच्या रंगाची. गॅरेजात डावीकडे, तिसरी फळी, गंजक्या स्प्रिंगांच्या मागे. वर्षातून दोनदा पुसते मी ती."

लायनेलने तिच्याकडे पाहिलं. "तू तेव्हाच म्हणाली होतीस," तो म्हणाला. "माणूस मरून आहे म्हणून. गवतसुद्धा."

"म्हणाले होते."

"मी तुला उन्हाळा कडक होता म्हणालो."

"हो. मी त्या उन्हाळ्यात स्वेटर घालून समुद्रात उतरले होते, लायनेल." तिने त्याच्या टोस्टला लोणी लावलं, कारण तो लावणार नाही हे दिसत होतं. तेव्हापासून एकोणचाळीस वर्षं एकाच घरात राहून आपण हिला एकदाही 'मग तुला काय वाटतं' असं विचारलं नाही, हे लायनेलला त्या टोस्टकडे बघताना कळलं, आणि त्याला फार वाईट वाटलं. त्याने तसं सांगितलं. "खा आता," मॉरीन म्हणाली. "आणि उद्या मीही येते. तू बोलायला लागलास की माणसं झोपतात."

गुरुवारी दोघं पोचली तेव्हा पाचशे अठ्ठ्याऐंशी अंगणात उभी होती. मेकॅनिकने इंजिनाभोवती वर्तमानपत्र चिकटवलं होतं आणि तो मरून डब्याचं झाकण स्क्रू-ड्रायव्हरने उचकटत होता. लायनेलने नमस्कार-चमत्कार काही केले नाहीत. त्याने जॅनिसकडे एक पांढरी बशी मागितली, बाटलीतला भुगा त्यात ओतला आणि बशी इंजिनाशेजारी धरली. मॉरीनने खालून बशीला हात लावला.

दोन्ही हिरवे एकच होते.

"हा माझ्या गाडीचा," लायनेल म्हणाला. "मी खरवडून काढला. फोटोवर विश्वास ठेवला आणि समोरच्या गाडीवर ठेवला नाही."

जॅनिसने बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "मग बाबांची गाडी..."

"मिस ओकी, माझ्या माहितीत बरोबर असलेली एकच गाडी उरली आहे, ती तुमच्या बाबांची. त्यांनी मला कधी पत्राचं उत्तर दिलं नाही, फार बरं केलं."

जॅनिसने खिशातून फडकं काढलं आणि लख्ख असलेला बाजूचा आरसा पुसायला घेतला. बराच वेळ ती पाठमोरी पुसतच राहिली.

"मग रंगवू की नको?" मेकॅनिकने विचारलं.

"हात लावशील तर बघ," जॅनिस म्हणाली. अगदी बापाच्या आवाजात म्हणाली असावी, कारण मेकॅनिक दोन पावलं मागे सरला.

नोव्हेंबरात लायनेलने दोनशे दोनचं इंजिन पुन्हा घासायला घेतलं. वय सत्याहत्तर, त्यामुळे यावेळी तीनऐवजी नऊ आठवडे लागले. नवा हिरवा त्याने बाटलीतल्या भुग्याशी जुळवून घोटून घेतला. पहिला हात दिल्यावर त्याने मॉरीनला बोलावून विचारलं, तुला काय वाटतं? तिला किंचित पिवळसर वाटला. त्याने तो पुसून पुन्हा घोटला. निघालेल्या मरूनचा भुगा त्याने एका रिकाम्या बाटलीत भरला, चिठ्ठी लिहिली आणि बाटली पहिलीच्या शेजारी ठेवली. चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'चुकीचा रंग. माझा. काढला नोव्हेंबर-जानेवारी.'

यंदाच्या जुलैत कुरणात एकेचाळीस ब्रिंडली आल्या. एकोणचाळीस मरून आणि शेजारीशेजारी उभ्या केलेल्या दोन हिरव्या. लायनेलने परीक्षकपद सोडलं होतं, ते रॉडरिककडे आलं होतं. रॉडरिक दोन्ही बॉनेटांखाली वाकला, जरा जास्तच वेळ वाकला, मग ताठ होऊन खाकरला.

"पान सत्तेचाळीस," तो म्हणाला. "दोघांचेही बारा. माझा नाइलाज आहे रे. नियम नऊ."

"नियम नऊ," लायनेल म्हणाला. जॅनिसचं तोंड उघडलं होतं, तिला त्याने हातानेच थांबवलं. त्याने दोन्ही कागद मागून घेतले, चष्मा पुसला, वरून खाली आकडे जुळवले. कागदाच्या तळाशी मालकाच्या हरकतीसाठी एक रिकामी ओळ असते. त्याने पेन काढून आपल्या कागदावर तिथे लिहिलं, 'बेरीज बरोबर आहे,' आणि खाली सही केली.

मग तो मॉरीनशेजारी येऊन बसला.

"किती?" तिने विचारलं.

"अठ्ठ्याऐंशी."

तिने डबा पुढे केला. लायनेलने आपलं सँडविच संपवलं, आणि न विचारता तिचंही अर्धं खाल्लं.